मी हे पुस्तक वाचलेलं नाही, पण...

मी एक प्रत आहे. पुस्तक म्हणवून घ्यायला वाचक लागतात, आणि ते चारचौघांत सापडावे लागतात. मी त्या पुस्तकाची फक्त एक प्रत. कोपरे दुमडलेली, कणा दोन ठिकाणी मोडलेली. कित्येक महिने माझ्या अंगावर वर्तमानपत्राचं कव्हर होतं आणि कव्हरावर गुडघेदुखीच्या तेलाची जाहिरात होती. बसमध्ये शेजारी बसलेला माणूस त्या तेलाची चौकशी करायचा. माझी चौकशी त्याने करू नये म्हणूनच तर ते कव्हर होतं.

माझं नाव ‘टेकडीचे दोन उंबरे’. टेकडी कुठली ते सांगत नाही. पुण्यापासून तासाभराच्या वाटेवर आहे, एवढं पुरे. नाव घेतलं की फोन सुरू होतात. टेकडीवर लेणी आहेत आणि लेण्यांना लागून देवीचं देऊळ आहे. देवळाचा ट्रस्ट आहे, लेण्यांची समिती आहे. दोघांचे फलक समोरासमोर आहेत. एकाने आपला फलक उंच केला की दुसरा त्याहून उंच करतो. टेकडीपेक्षा आता फलकच लांबून दिसतात.

मला लिहिलं कल्याणीताईंनी. कोथरूडच्या एका शाळेत त्यांनी इतिहास शिकवला. निवृत्त झाल्यावर बायका काशीयात्रेला जातात, या टेकडीवर जाऊ लागल्या. शिलालेखांचे ठसे घेतले, जुनी दप्तरं चाळली, गावातल्या म्हाताऱ्यांच्या ओसरीवर बसून ऐकलं. यात वर्षं गेली. पायांची झीज झाली, चष्म्याचा नंबर वाढला, आणि मग मी झाले.

माझ्यातली भांडणाची प्रकरणं दोनच. चौथं म्हणतं, लेणी भिक्खूंची आहेत, देऊळ पुष्कळ नंतरचं आहे, आणि देवळाच्या पायऱ्यांना लेण्यांचाच दगड वापरला आहे. सहावं म्हणतं, देवीची मूर्ती मात्र देवीचीच आहे. ती बुद्धाची मूर्ती बदलून केली असं मानायला पुरावा नाही. चौथ्याने ट्रस्ट दुखावला, सहाव्याने समिती. पुराव्याच्या मागे गेलं की असं होतं. पुरावा कुणाच्या बाजूचा नसतो, आणि आपल्याकडे बाजू नसलेल्याला बसायला खुर्ची मिळत नाही.

पहिले प्रकाशक म्हणाले, बाई, काम उत्तम आहे, फक्त चौथं प्रकरण गाळा. दुसरे म्हणाले, काम उत्तम आहे, फक्त सहावं गाळा. तिसरे फार सज्जन होते. त्यांनी चहा पाजला आणि सुचवलं, की दोन्ही गाळावीत, टेकडीवरच्या पक्ष्यांवर एक प्रकरण घालावं, म्हणजे रंगीत छापता येईल.

कल्याणीताईंनी काहीच गाळलं नाही. स्वतःच छापलं. प्रेसमधून आमचे गठ्ठे धायरीच्या त्यांच्या फ्लॅटवर आले तेव्हा लिफ्ट बंद होती. त्यांचे यजमान दत्तप्रसाद खडकीच्या कारखान्यातून निवृत्त झालेले. जिन्यात दम खात ते म्हणाले, “आयुष्यभर दारूगोळ्याच्या पेट्यांशेजारी बसलो. घरात आणायची वेळ आत्ता आली.”

गठ्ठे दिवाणाखाली गेले. उरलेल्यांवर टीव्ही बसला. माझ्या बहिणी अजून तिथेच आहेत. त्यांनी बाहेरचं जग पाहिलं नाही. टीव्हीवरच्या बातम्या तेवढ्या ऐकल्या, आणि त्या ऐकून बाहेर न पडलेलंच बरं असं त्यांना वाटत असेल तर मी त्यांना दोष देणार नाही.

मी बाहेर पडले ती अप्पा बळवंत चौकातल्या एका दुकानात. दुकानदार माणूस वाईट नव्हता. कल्याणीताईंना त्यांनी बसायला स्टूल दिलं आणि सांगितलं, “ठेवतो. पण दर्शनी नाही ठेवणार. काच माझी आहे.” मग आम्हा चारपाच जणींना त्यांनी स्पर्धा परीक्षांच्या गाइडांमागे ठेवलं, तोंड भिंतीकडे करून.

तिथे मी एक नवल पाहिलं. माणसं येत. आधी पंचांग विचारत, मग एखादं पाककृतीचं पुस्तक उलटसुलट करत, मग इकडेतिकडे पाहून हळूच म्हणत, “ते टेकडीचं आलंय का हो?” दुकानदार म्हणत, आहे. गिऱ्हाईक म्हणे, “नाही, घ्यायचं नव्हतं. सहज विचारलं.” आणि पंचांग घेऊन जाई.

मला विकत घेणारे एकच निघाले. रंगराव. कोथरूडला राहणारे, इतिहासाचे निवृत्त प्राध्यापक, दोनतीन संस्थांवर मानाची पदं. त्यांनी दुकानातच मला वर्तमानपत्रात गुंडाळून मागितलं. घरी गेल्यावर त्या कागदाला नीट घड्या घालून, चिकटपट्टी लावून त्याचंच कव्हर घातलं. शाळकरी मुलांच्या वह्यांना आया घालतात तसं, अगदी चोख. तेलाची जाहिरात बरोबर मुखपृष्ठावर आली.

एक कबूल करायला हवं, रंगराव खरे वाचक आहेत. त्यांनी मला पहिल्या पानापासून शेवटच्या टिपेपर्यंत वाचलं. तळटिपांपाशी थांबले. एका ठशावर बोट ठेवून बराच वेळ बसले. प्रतीला माणसाचं बोट कळतं. हे बोट शिकलेलं होतं आणि खुशही होतं.

मग त्यांनी कल्याणीताईंना फोन केला. पंधरा वर्षांत असं काम झालेलं नाही म्हणाले. ताईंचा आवाज फोनमधून मला ऐकू येत होता. त्यांनी विचारलं, हे चार ओळींत लिहून द्याल का? रंगराव खाकरले. “लिहून नको. आपलं तोंडी. आणि माझं नाव कुठे घेऊ नका हं, गैरसमज होतात.”

असे फोन ताईंना पुष्कळ आले असं मी नंतर ऐकलं. पुण्यात कौतुकाला तोटा नाही. फक्त ते फोनवर असतं.

यानंतर माझी फिरती सुरू झाली, आणि इथेच माझ्या बहिणींचं नशीब फुटलं. रंगरावांकडे ती प्रत आहे म्हटल्यावर दुसऱ्या कुणाला घ्यायची गरजच उरली नाही. घरी पुस्तक दिसायला नको, कपाटात नको, सुनेच्या माहेरची मंडळी आली तर पंचाईत नको. वाचून परत केलं की हात मोकळे. मला कुणी जाळलं नाही, कुणी फाडलं नाही, कुणी बंदी घातली नाही. बंदी घातली असती तर चार प्रती खपल्या तरी असत्या. मला उसनं नेलं.

रंगराव मला देताना एक युक्ती करत. त्यांच्याकडे पीएमटी बसचं जुनं तिकीट होतं, खुणेला ठेवायचं. मला मागायला कोण आलंय ते पाहून ते तिकीट हलवत. देवळाच्या ट्रस्टवरचा संतोष, त्यांचा जुना विद्यार्थी, आला तेव्हा तिकीट सहाव्या प्रकरणात गेलं. “हे वाच. तुमच्या देवीवर एवढं नीट कुणी लिहिलेलं नाही.” लेण्यांच्या समितीतल्या जया कांबळे आल्या तेव्हा तेच तिकीट चौथ्यात. “हे वाचा. तुमच्या बाजूने बाईंनी पुरावेच पुरावे दिलेत.” दोघंही सरांचे आभार मानून गेले. दोघांनाही वाटलं, सर आपले.

संतोष टेकडीखालच्या गावचा. त्याने सहावं प्रकरण आईला वाचून दाखवलं. आईने मला देव्हाऱ्यासमोर ठेवून कुंकवाचं बोट लावलं. त्याचा डाग पानावर अजून आहे. मग संतोष मला झेरॉक्सवाल्याकडे घेऊन गेला. पान सपाट बसेना म्हणून झेरॉक्सवाल्याने मला काचेवर पालथं घातलं आणि तळव्याने दाबलं. माझा कणा पहिल्यांदा मोडला तो तिथे.

दुसऱ्यांदा मोडला खडकीला. जयाताई विक्रीकर खात्यात अधिकारी आहेत. वडील कारखान्यात होते, घरात पुस्तकांची दोन कपाटं, समोर बाबासाहेबांचा फोटो. त्यांनी चौथं प्रकरण मोठ्याने वाचलं, एका जागी थांबल्या, पान मागे उलटलं, तेच पुन्हा वाचलं. त्यांचा भाचा सौरभ आयटीत आहे. तो म्हणाला, “मावशी, पूर्ण बुक कोण रीड करणार? हा चॅप्टर स्कॅन करून ग्रुपवर टाकतो.” त्याने मला दाबून धरलं आणि मोबाइलने पानं टिपली. त्या घरी सहावं प्रकरणही एकदा उघडलं गेलं. पहिला परिच्छेद वाचून जयाताईंनी मला मिटलं. रागाने नाही. गरम तव्याला हात लागल्यावर घेतो तसा हात काढून घेतला.

तेव्हापासून मला टेबलावर ठेवलं की मी आपोआप चौथ्या नाही तर सहाव्या प्रकरणावर उघडते. मधलं पाचवं रंगरावांनंतर कोरं करकरीतच राहिलं. त्या पाचव्यात कल्याणीताईंनी लिहिलंय, की दोन्हीकडची माणसं कित्येक पिढ्या एकाच टाक्याचं पाणी पीत होती. ते कुणी टिपलं नाही.

दोन्ही प्रकरणं फोनाफोनीतून गावभर झाली. महिनाभर कल्याणीताई एकाच वेळी दोन्हीकडच्या लाडक्या होत्या. मग कुणीतरी याचं त्याला पाठवलं आणि लाड संपले. संतोषने धायरीला फोन केला. तो शिव्या देणारा नाही. म्हणाला, “ताई, देवीचं लई झ्याक लिवलंय, आई रोज नाव काढती तुमचं. पर ते चौथं मागं घ्या. गावात राहायचं हाय मला.” समितीतल्या एकांनी सांगितलं, ताई, तुम्ही आमच्यातल्या वाटला होता. ऑनलाइन विक्रीच्या पानावर एक एक तारा देणाऱ्यांची रांग लागली. विकल्या गेलेल्या प्रतींपेक्षा तारे देणारे जास्त होते. दुकानदारांनी माझ्या उरलेल्या बहिणी पिशवीत घालून परत केल्या. पिशवी मात्र चांगली, कापडी दिली.

हे सगळं मला नंतर कळलं, धायरीच्या त्या संध्याकाळी.

कल्याणीताईंचा दुसरा खंड लिहून तयार होता. टेकडीचा नंतरचा काळ, गावाची वाटणी, फलक कधी आणि का लागले ते. छापायचा की नाही यावर त्या थकल्या होत्या. त्यांनी यजमानांना सांगून टाकलं होतं, की एक जाहीर चर्चा ठेवायची. “एक माणूस उभा राहून म्हणाला, मी हे पुस्तक अख्खं वाचलंय, तर दुसरा खंड छापायचा. पटलं म्हणायची गरज नाही. वाचलंय म्हणायचं. नाही तर ते कागद माळ्यावर टाकायचे आणि मी पुन्हा टेकडीचं नाव काढणार नाही.”

दत्तप्रसाद म्हणाले, “मी वाचलंय की. मुद्रितं तीनदा तपासलीत.”

“तुम्ही धरायचे नाही. तुम्ही घरचे.”

“म्हणजे कष्टाला घरचा, मोजायला बाहेरचा,” असं म्हणून ते हॉल ठरवायला गेले.

कोथरूडच्या सभागृहाने आधी होकार दिला, मग कळवलं की छताचं काम निघालंय. दुसऱ्या ठिकाणीही छताचंच काम निघालं. त्या आठवड्यात पुण्यातली सगळी छतं एकदम नादुरुस्त झाली. शेवटी धायरीच्या त्यांच्याच सोसायटीत, खालच्या खोलीत, जिथे गणपती बसतो तिथे चर्चा ठरली. सोसायटीची अट एकच, खुर्च्या परत जागेवर लावायच्या.

माणसं आली. अपेक्षेपेक्षा जास्त आली. रंगराव मागच्या रांगेत होते, मी त्यांच्या शबनम पिशवीत, कव्हरासकट. जयाताई पुढे होत्या. संतोष आला, दाराशीच उभा राहिला. बाकीचेही बहुतेक माझ्या ओळखीचे. आवाजांवरून मी एकेकाला ओळखत होते. हा मला जेवताना वाचणारा. याच्या लोणच्याचं तेल माझ्या बाराव्या पानावर आहे. ही पेन्सिलीने रेघा मारून परत खोडरबराने पुसणारी. माझी पानं त्यांच्या बोटांनी मऊ झाली होती. मला वाटलं, वाचलंय म्हणायला आज दहाजण तरी उठतील.

पहिला माणूस उठला आणि म्हणाला, “मी हे पुस्तक वाचलेलं नाही, पण...” आणि सातव्या प्रकरणातल्या एका तळटिपेवर शंका विचारली.

दुसरी म्हणाली, “मलाही अजून योग आला नाही वाचायचा, पण ऐकिवात असं आहे...” ऐकिवातलं तिने शब्दशः सांगितलं, पान क्रमांकासह.

असे पाचसहा झाले. कल्याणीताई प्रत्येकाला शांतपणे उत्तर देत होत्या. शाळेत शिकवलेल्या बाईला खोटं बोलणारं पोर कळतं. पण पोराला वर्गात उभं करता येतं. इथे उठणारी सगळी साठीच्या पुढची.

मग रंगराव उठले. खोलीत मान होता त्यांना, माणसं वळून बसली. पिशवी खांद्यालाच होती, त्यामुळे मीही त्यांच्याबरोबर उठले. ते म्हणाले, “मी काही हे पुस्तक वाचलेलं नाही. पण तत्त्व म्हणून बोलतो.”

पुढच्या रांगेतून जयाताई वळल्या. त्यांच्या आवाजात टोमणा नव्हता, खरंच गोंधळल्या होत्या. “सर, मग मी तुम्हाला परत केली ती प्रत कुणाची?”

दाराशी उभा असलेला संतोष म्हणाला, “मला बी सरांनीच दिली हुती. तेलाच्या जाहिरातीची.”

कुणीतरी हसलं, मग खोली हसली. जयाताई उठून मागे आल्या. पिशवीच्या तोंडातून कव्हराचा कोपरा दिसत होता. “सर, घेऊ?” म्हणाल्या आणि घेतलं. चिकटपट्टी उचकटून ते कव्हर काढलं. इतक्या महिन्यांनी माझ्या मुखपृष्ठाला वारा लागला. रंगराव खाली बसले. मला त्यांचा राग यायला हवा होता. आला नाही. मला पूर्ण वाचलेला त्या खोलीतला तो बहुधा एकटाच माणूस होता, आणि तो मान खाली घालून चष्मा पुसत होता.

जयाताईंनी मला हातात धरलं आणि उभ्या राहून बोलल्या. “मी चौथं प्रकरण इतक्यांदा वाचलंय की पाठ आहे. सहावं वाचलेलं नाही. भीती वाटली म्हणून वाचलेलं नाही. तेव्हा मॅडम, मी निम्मीच वाचक आहे. सॉरी.”

कल्याणीताई म्हणाल्या, “खरं बोललात, पुष्कळ झालं.” पण त्यांनी अख्खं म्हटलं होतं. खुर्च्या जागेवर लावून झाल्या. त्या रात्री धायरीला दुसऱ्या खंडाचे कागद माळ्यावर गेले, हे दत्तप्रसादांकडून नंतर कळलं.

जयाताईंनी मला खडकीला नेलं. रंगरावांनी मला परत मागितलं नाही. मागितलं असतं तर मी त्यांची होते हे मान्य करावं लागलं असतं.

यावेळी बसमध्ये मी मांडीवर उघडी होते. शेजारच्या बाईने नाव वाचलं, जयाताईंकडे पाहिलं आणि तोंड खिडकीकडे केलं. एवढंच झालं. आभाळ कोसळलं नाही.

मग जयाताईंनी पहिल्या पानापासून सुरुवात केली. ऑफिसातून आल्यावर, जेवणाच्या टेबलावर. पाचवं प्रकरण उघडलं तेव्हा माझी पानं पुन्हा एकमेकांना चिकटलेली होती. सहाव्याला त्या फार अडल्या. एका ठिकाणी त्यांनी पेन्सिलीने समासात लिहिलं, ‘हे मान्य नाही’. कारणही लिहिलं, समास पुरला नाही तर खाली लिहिलं. सौरभ म्हणाला, “मावशी, एवढा त्रास होतोय तर सोड ना.” त्यांनी पुढचं पान उलटलं.

पुढच्या एका रविवारी त्या मला घेऊन धायरीला गेल्या. दार दत्तप्रसादांनी उघडलं. कल्याणीताईंनी चहा ठेवला. जयाताई म्हणाल्या, “मॅडम, संपवलं. सहाव्यावर भांडायला आलेय.”

“बसा,” कल्याणीताई म्हणाल्या. “कुठून सुरुवात करू या?”

दत्तप्रसाद मधेच म्हणाले, “थांबा. हिची अट निराळी होती. उभं राहून म्हणायचं होतं. चारचौघांत.” आणि त्यांनी ती अट सांगितली, माळ्यावरच्या कागदांचंही सांगितलं.

“अहो, काहीतरीच काय,” कल्याणीताई म्हणाल्या. “त्या पाहुण्या आहेत.”

जयाताईंनी कप खाली ठेवला. त्या उभ्या राहिल्या. ऑफिसात राष्ट्रगीताला राहतात तशा, हात बाजूला. समोर दोन म्हातारी माणसं, बंद टीव्ही आणि टीव्हीखाली माझ्या बहिणींचे गठ्ठे.

“मी जया कांबळे. मी हे पुस्तक अख्खं वाचलंय. सहावं प्रकरण मला मान्य नाही.”

कल्याणीताईंनी पदराने डोळे टिपले नाहीत वगैरे. त्या तशातल्या नाहीत. त्यांनी चष्मा वर केला आणि म्हणाल्या, “अहो, स्टूल घ्या. माळ्यावरचं काढा.”

“काढतो,” दत्तप्रसाद म्हणाले. “पण नवे गठ्ठे ठेवायचे कुठे, ते दोघी मिळून सांगा.”

दुसरा खंड आता प्रेसमध्ये आहे, पहिल्यापेक्षा कमी प्रतींचा. सहाव्या प्रकरणावरचा जयाताईंचा आक्षेप त्यात शेवटी छापला आहे, त्यांच्या नावासकट. त्यामुळे तो जास्त खपेल अशा भ्रमात मी नाही. समितीने जयाताईंना बैठकीला बोलावणं बंद केलंय. दुकानदार दर्शनी ठेवणार नाहीत, कारण काच त्यांची आहे. रंगराव फोन करतील आणि उत्तम काम म्हणतील. माझ्या बहिणी दिवाणाखाली थोड्या सरकून धाकटीला जागा देतील.

मी खडकीला जयाताईंच्या कपाटात आहे, बाहेरच्या खोलीत, काचेमागे. नाव बाहेरून वाचता येतं. आलेले पाहुणे वाचतात आणि विषय बदलतात. मला त्याची सवय झाली आहे. पण हे कपाटही नुकतंच एकाने उघडलं. संतोषने. तो जयाताईंकडे लेण्यांच्या पाण्याच्या टाक्याच्या दुरुस्तीसंबंधी आला होता. त्याने मला उघडलं, मी सवयीने सहाव्यावर उघडले, आणि त्याने दोन बोटांनी पानं मागे सरकवली. पाचव्यावर थांबला. उभ्यानेच वाचत राहिला. मग जयाताईंना म्हणाला, “हे नेऊ का चार दिवस?”

जयाताई म्हणाल्या, “नाही. धायरीला मिळतं. विकत घे, आणि गुंडाळून मागू नकोस.”

तो घेईल की नाही मला माहीत नाही. मी म्हातारी झाले आहे, माझा कणा आता चिकटपट्टीवर आहे, आणि आशा करायलाही बळ लागतं. तुमच्याकडे एकच मागणं आहे. आवडले नाही तर भांडा. समासात लिहा, दाराशी या, नावानिशी खोडून काढा. एवढं सगळं वाचून झाल्यावर उद्या कुणाला असं मात्र सांगू नका, की मी ते वाचलेलं नाही, पण.